आमच्याकडे असा माणूस नाही

ते वाक्य मी कन्नडमध्ये लिहिलं. माझं कन्नड तसं कच्चं. घर मराठी, शाळा मराठी, डिप्लोमा इंग्रजीतला; कन्नड शिकलो ते खात्याच्या परीक्षेपुरतं. माझ्या टिपणीत दर दोन ओळींमागे एक चूक निघायची आणि हेडक्लार्क ती लाल पेनानं दाखवून चारचौघांत हसायचे. त्या दिवशीच्या वाक्यात मात्र त्यांना काहीच सापडलं नाही. मी ते तीनदा कच्चं लिहून बघितलं होतं.

वाक्य असं होतं: या उपविभागात भूजलाची पाहणी करून पाण्याचा स्रोत ठरवू शकेल असा कोणीही माणूस उपलब्ध नाही, सबब हे काम बाहेरच्या सल्लागार कंपनीकडून करून घेणे आवश्यक आहे. खाली सही, तारीख, शिक्का.

मी हे लिहीत होतो तेव्हा नेमकं तेच काम करू शकणारा माणूस माझ्या खिडकीबाहेर लिंबाखाली बसून ऑफिसच्या सायकलीचं पंक्चर काढत होता. मान वर केली असती तर दिसला असता. मी मान वर केली नाही, एवढं मला पक्कं आठवतं.

आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. मोठ्या साहेबापासून शिपायापर्यंत सगळे अहो-जाहो करायचे. त्याला काही खर्च येत नव्हता. हुद्दा म्हणाल तर रोजंदारी मजूर. घराणं मेंढरं राखणारं. आजोबांपर्यंत कळप घेऊन मांजरेच्या काठानं फिरत होते म्हणे, नंतर जरा जमीन आली आणि पाय एका गावात रुतले. शाळा चौथीपर्यंत, मराठी. पण बोलायला लागले की ठाणाकुशनूरच्या बाजूला मराठी, बिदरकडं कन्नड, औरादच्या पलीकडच्या दोन-चार वाड्यांत तेलुगू, आणि जुन्या नकाशांवरचे निजामाच्या काळातले उर्दू शेरे वाचून घ्यायला मशिदीतल्या मौलवींशी दखनी. मी चार भाषांत चाचरायचो, अण्णा चार भाषांत भांडू शकायचे.

देशात सगळं खुलं झालं म्हणतात, त्या सुमारास मी नोकरीला लागलो. पाणीपुरवठ्याचा उपविभाग, ज्युनियर इंजिनियर. पहिल्याच आठवड्यात तेव्हाच्या साहेबांनी मला सांगितलं, पुस्तकं कपाटात ठेव आणि एक उन्हाळा अण्णांच्या मागं फीर. मला राग आला. डिप्लोमाला पहिला वर्ग होता माझा, आणि मी एका मजुराच्या सायकलीवर डबलसीट बसून हिंडायचं?

अण्णांचं काम वरकरणी साधं. तालुक्यातल्या ठरलेल्या गावांतल्या ठरलेल्या विहिरी वर्षातून दोनदा मोजायच्या, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा गुढीपाडव्यानंतर. साधन म्हणजे एक सुती दोर, टोकाला पितळेचं वजन, हाताहातावर गाठ. पण ते दोर कधी सोडायचे, ते बघण्यासारखं होतं. आम्ही गावात उजाडायच्या आत पोचायचो, पहिली घागर बुडायच्या आधी. रात्रभर कोणी न हलवलेलं पाणी, त्याचं माप घ्यायचं. मग विहिरीच्या कडेला बसून राहायचं. बायका यायच्या, पाणी ओढायच्या, अण्णा त्यांच्याशी गप्पा मारत घागरी मोजायचे. सगळ्यात शेवटी येणाऱ्या बाईची ते वाट बघायचे. ती बहुतेक कुठल्या तरी घरची नवी सून किंवा कोणाचा आधार नसलेली म्हातारी असायची. तिला विचारायचे, "अक्का, गढूळ आलं का चांगलं आलं?" तिचं उत्तर वहीत. त्यानंतर पुन्हा दोर. मग दुपारपर्यंत तिथंच बसून, पाणी सकाळच्या खुणेपर्यंत परत चढायला किती वेळ लागतो ते बघायचं.

"मोठ्या घरच्या बाया पैल्यांदा येतेत," ते मला म्हणाले होते. "त्यास्नी हीर कवाबी भरलेलीच दिसायली. खरं काय ते शेवटच्या बाईला ठावं."

मी ते तेव्हा हसण्यावारी नेलं. उन्हाळा संपेस्तोवर मात्र मला कळलं होतं की भूजलाच्या पुस्तकात जे चार पानं गणित करून सांगितलंय ते हा माणूस एका प्रश्नात विचारतोय. लाल दगड संपून खाली काळा दगड लागतो, त्या सांध्यातून पाणी कसं झिरपतं, कुठला नाला पावसाळ्यात विहीर भरतो आणि उन्हाळ्यात तीच विहीर ओढून घेतो, हे सगळं त्यांनी मला चालता चालता शिकवलं. मला जे काही पाण्याचं कळतं, ते त्यांचं आहे. हे मी आज कबूल करतो, आणि कबूल करायला आता काही लागत नाही म्हणूनच करतोय, हेही मला ठाऊक आहे.

त्यांच्या वह्या चौदा होत्या. वर्षाला एक.

आता मस्टरबद्दल, म्हणजे हजेरीपटाबद्दल, सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. रोजंदारीच्या माणसाचे सलग दिवस भरले की तो कायम करा म्हणून दावा लावू शकतो, ही खात्याला कायमची धास्ती. म्हणून आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. दर तीन महिन्यांनी मस्टरवर नाव बदलायचं. माणूस तोच, काम तेच, नाव दुसरं. एका तिमाहीला अण्णांच्या धाकट्या भावाचं नाव, पुढच्या तिमाहीला मेहुण्याचं, मग साडूचं. नावं संपली तेव्हा वारलेल्या एका चुलत्याचंही लावलं. महिन्याच्या शेवटी मस्टरवर सही करायला आले की अण्णा पेन हातात घेऊन विचारायचे, "आज मी कोन हाय?" आम्ही सगळे हसायचो. अण्णाही हसायचे. नाव सांगितलं की त्या नावाची सही करायचे. शेजारच्या रकान्यात, हजेरी तपासली म्हणून, माझी सही. आठ वर्षं.

याला कोणी फसवणूक म्हणत नव्हतं. सगळ्या ऑफिसांत हेच चालायचं. आणि नाव बदललं म्हणून तर त्यांचं काम टिकतंय, नाहीतर केव्हाच घरी बसवले असते, असं आम्ही एकमेकांना आणि त्यांनाही समजावून सांगायचो.

तरी जुन्या साहेबांना ते खुपत असावं. बदली होऊन जाण्याआधी त्यांनी एक प्रस्ताव करायला घेतला. विहिरी मोजण्याचं काम दरवर्षीचं आहे, खात्याच्या गरजेचं आहे, तर त्यासाठी एक पद मंजूर करावं आणि चौदा वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला त्यावर घ्यावं. मस्टरवर तर नाव नाही, मग पुरावा काय? पुरावा म्हणजे त्या चौदा वह्या. एका हातानं लिहिलेल्या, एका अक्षरातल्या. प्रस्तावाचा मसुदा मी केला. अण्णांना तो वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी ते घरून ज्वारीच्या कण्या आणि ताक घेऊन आले आणि सगळ्या ऑफिसला वाढलं. असं ते कधी करायचे नाहीत.

जुने साहेब गेले. प्रस्ताव जायचा राहिला, कशाची तरी सही राहिली होती. आणि तेवढ्यात नवी योजना आली.

बाहेरच्या पैशाची मोठी पाणी योजना होती. अनेक गावांना मिळून एक स्रोत, एक टाकी, पाइपलाइन. तिच्या अटींमध्ये होतं की पाहणी आणि आराखडा सल्लागार कंपनी करील. फक्त त्याआधी प्रत्येक उपविभागानं लिहून द्यायचं की आमच्याकडे हे करणारा माणूस नाही. आमच्याकडे माणूस आहे असं लिहिलं तर योजना अडते, निदान लांबते. आणि नाही म्हणून लिहिलं तर अण्णांचा प्रस्ताव मरतो, कारण ज्या ऑफिसात हे काम करणारं कोणी नाहीच, तिथं हे काम चौदा वर्षं करणारा माणूस आला कुठून?

उपविभागाचा चार्ज तेव्हा माझ्याकडं होता. मी बिदरला मोठ्या साहेबांकडं गेलो. म्हणालो, सर, असं लिहायला जरा अडचण आहे. त्यांनी चहा मागवला. मुलं कितवीला आहेत विचारलं. माझी दोन्ही मुलं तेव्हा गावातल्या शाळेत, आणि बायकोनं बिदरच्या चांगल्या शाळेसाठी माझ्यामागं टुमणं लावलेलं. बदलीचा अर्ज त्याच टेबलावर कुठंतरी होता. साहेबांनी मला धमकी दिली नाही की आमिष दाखवलं नाही. नुसतं दखनीत म्हणाले, "लिख देव जी. किसका क्या जाता?"

कोणाचं काय जातं, ते मला अगदी नीट ठाऊक होतं. म्हणूनच तर मी बिदरला गेलो होतो. आणि तरी बसमधून परत येताना मी मनात कन्नड वाक्य जुळवत आलो.

टपाल दुसऱ्या दिवशी हातोहात बिदरला गेलं. कोण घेऊन गेलं, मी विचारलं नाही. न विचारणं सोयीचं होतं.

वर्षाच्या आत माझी बदली बिदरला झाली, पण त्याआधी मला सल्लागारांचं काम बघावं लागलं. कंपनीचा इंजिनियर दिवाळीच्या सुमारास आला. चांगला माणूस होता, मी त्याला नावं ठेवणार नाही. त्याच्याकडं उपग्रहावरून जागा दाखवणारं यंत्र होतं, लॅपटॉप होता, आणि तीन आठवड्यांत पाच तालुके उरकायचे होते. मी अण्णांना त्याच्याबरोबर रस्ता दाखवायला दिलं. रस्ता दाखवायला, असंच म्हणालो. आणि अण्णांच्या चौदा वह्या त्याला अभ्यासाला दिल्या. पोचपावती घेतली नाही. आपल्याच योजनेचा माणूस, पावती काय मागायची? त्या वह्या परत आल्या नाहीत. अहवाल आला तेव्हा त्याच्या मागच्या पानांवर आमच्या विहिरी रंगीत ठिपक्यांनी छापलेल्या होत्या, वर्षवार पाण्याच्या पातळीसकट, आणि खाली लिहिलं होतं, सल्लागारांनी केलेल्या पाहणीवरून.

पण त्याआधीचा एक दिवस आहे. त्याबद्दल मी आजवर कोणाशी बोललेलो नाही.

स्रोत ठरवायला आम्ही तिघं एका गावाच्या नाल्याकाठी उभे होतो. भर दुपार. नाला वाहत होता, शेजारची विहीर काठोकाठ. सल्लागारानं दोर नाही, टेप सोडला, आकडा घेतला, यंत्रावर जागा टिपली. तो खूश होता. अण्णा पुढं झाले.

"सायेब, ही हीर आत्ता भरलेली दिसायली. शिमग्याच्या म्होरं हिला दम न्हाई. नाला आटला की हिचं पाणी नाल्यात जायलाय. दर साली बगतोय मी. वहीत हाय बगा."

सल्लागाराला मराठी येत नव्हती. त्यानं माझ्याकडं बघितलं, हे काय म्हणतायत? अण्णांनीही माझ्याकडं बघितलं, सांगा की.

मी सांगितलं असतं तर त्यानं पुढचा प्रश्न विचारला असता: यांना कसं माहीत? आणि त्याच्या पिशवीत माझ्या सहीचा कागद होता, की इथं कोणाला काही माहीत नाही. अण्णा बरोबर ठरले असते तर मी खोटा ठरलो असतो. एवढं सगळं माझ्या डोक्यात किती पटकन आलं! तेरीज बेरीज करायला मी एरवी एवढा हुशार नाही.

"काही नाही," मी त्याला हिंदीत म्हणालो. "इथं साप असतात, जपून चाला म्हणतायत."

अण्णांची दखनी मी वर सांगितलीच आहे; हिंदी त्यांना चांगली कळायची. वाकून त्यांनी सल्लागाराचा टेप गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला.

स्रोत तिथंच ठरला. नवी विहीर, मोटारी, टाकी, पाइपलाइन, सगळं झालं. अहवालात एक शिफारस होती की उपविभागानं विहिरी मोजण्याची जुनी पद्धत आता चालू ठेवण्याची गरज नाही. त्या शिफारशीवरून मस्टर बंद झालं. कोणाच्याही नावाचं लागेना. अण्णा हैदराबादला निघाले, एका मोठ्या इमारतीवर राखणदारीला. आमच्या भागातली निम्मी माणसं तेव्हा तिकडं नाहीतर पुण्याकडं चाललेली, त्यात एक. जायच्या आधी ते बिदरला माझ्या नव्या ऑफिसात आले.

"सायेब, माझ्या कागदाचं काय झालं?"

"वर गेलाय," मी म्हणालो.

ते म्हणाले, "बरं हाय मग. येतो." आणि गेले. चहासुद्धा विचारला नाही मी. विचारला असता तर ते बसले असते.

पहिल्याच उन्हाळ्यात, शिमगा होऊन पंधरा दिवस झाले नसतील, नव्या विहिरीनं मान टाकली. मोटारी कोरड्या फिरून जळाल्या. टाकी रंगवलेली, कोरी करकरीत, आत पाणी नाही. गावांना टँकर लावले. विहीर का आटली हे तपासायला पुन्हा एक सल्लागार कंपनी नेमली, आणि तिच्यासाठीही कोणीतरी लिहून दिलं असणारच की आमच्याकडे असा माणूस नाही. एव्हाना ते खरंही झालं होतं. पुढच्या वीसेक वर्षांत आमचं खातं म्हणजे नुसती टपालपेटी झाली. गावाचं पत्र आलं की कंपनीला पाठवायचं, कंपनीचा अहवाल आला की वर पाठवायचा. नवी भरती बंद, जुनी माणसं निवृत्त. टेंडरची भाषा सगळ्यांना तोंडपाठ. विहिरीत दोर सोडता येणारा एकही माणूस राहिला नाही. मीही सोडत नव्हतो. मी बैठकांना जात होतो.

त्या गावांतून जीपनं जाताना टँकरभोवती बायका दिसायच्या. सगळ्यात मागं कोण उभी आहे, हे बघायची मला सवय लागली होती. बघायचो आणि ड्रायव्हरला म्हणायचो, चल. काय करणार होतो उतरून?

मग वारं फिरलं. सरकारनंच ठरवलं की सल्लागारांवर फार विसंबून झालं. उपविभागांनी आपली पाहणी आपण करायची, आपली माणसं तयार करायची. भरती झाली. मी तोवर पुन्हा त्याच उपविभागात आलो होतो, आता साहेब म्हणून. तीन नवे इंजिनियर हाताखाली आले, दोन मुली आणि एक मुलगा. संगणकावर अतिशय तरबेज. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, सर, आपल्या विहिरींचा जुना डेटा कुठं असतो? मी म्हणालो, शोधतो.

अण्णा गावाकडं परत आलेत असं कमलनगरच्या बसस्टँडवर कोणीतरी सांगितलं. मी गेलो. गुडघे गेलेले, दारात चार शेळ्या. मला बघून त्यांनी खाट झाडली. हैदराबादबद्दल विचारलं तर म्हणाले, "तितं बी बोरचं पाणी रोज मोजायलोतो मी. कुनी इचारलं न्हाई तरी."

मी कामाचं सांगितलं. तीन पोरं आहेत, त्यांना शिकवा. मला वाटलं होतं नाही म्हणतील. नाही म्हणाले असते तर बरंच झालं असतं. मी सुटलो असतो. ते म्हणाले, "पाडव्यानंतर या. आत्ता पाणी खरं बोलत न्हाई."

त्या उन्हाळ्यात जीपमधून अण्णा आणि ती तीन मुलं असे हिंडले. उजाडायच्या आत. पहिल्यांदा मुलांनी कुरकुर केली, मग त्यातली एक मुलगी अशी काही रमली की अण्णांच्या आधी विहिरीवर जाऊन बसू लागली. शेवटच्या बाईला तीच विचारायची, गढूळ आलं का? दोन उन्हाळ्यांत त्यांनी त्या गावांसाठी नवी जागा शोधली, नाल्यापासून लांब, लाल दगडाच्या माळाच्या पायथ्याशी. विहीर लागली. मे महिन्यात टाकीत पाणी चढलं. बिदरला आमचं कौतुक झालं, इतर उपविभागांनी असंच करावं म्हणून पत्र निघालं. पाहणी अहवालावर चार सह्या आहेत: तीन मुलांच्या आणि एक माझी.

अण्णांचं नाव घालायचा मी प्रयत्न केला नाही असं नाही. विशेष मार्गदर्शक म्हणून त्यांना रीतसर बोलवावं म्हणून फॉर्म काढला. फॉर्म सल्लागार नेमण्याचाच होता, त्यात पदवी विचारली होती, नाहीतर खात्यातल्या अनुभवाचा पुरावा. मी जुनी मस्टरं काढून बघितली. मला ठाऊक होतं काय आहे ते, तरी बघितली. पानंच्या पानं भाऊ, मेहुणा, साडू, मेलेला चुलता. प्रत्येक नावाशेजारी माझी सही, तरुणपणची, लफ्फेदार. वह्या मी घालवलेल्या. खात्याच्या लेखी तो माणूस कधी नव्हताच. मी फॉर्म फाडून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं पलीकडच्या विहिरीवर होती आणि अण्णा आणि मी एका विहिरीच्या काठावर, पाणी परत चढायची वाट बघत बसलो होतो. मी सगळं सांगून टाकलं. तो कागद, ते वाक्य, बदली.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. पाण्याकडंच बघत होते.

"कधीपासून?"

"त्याच दिसापासून. ते टपाल घिऊन बिदरला कोन गेलतं? मीच की. माझ्याच फाईलचा कागद असंल मनून तितल्या बाईला म्हनलो, अक्का, जरा वाचून दाव. तिनं वाचला. मला वाटलं आजून खाली काईतरी असंल. म्हनलो, म्होरं वाच. तर ती म्हनली, म्होरं सायेबाची सही हाय."

मी विचारलं, "मग तुम्ही मला काही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुमीच लिवलाव, असा माणूसच न्हाई मनून."

मी म्हणालो, चुकलं माझं. फार मोठं चुकलं. असंच काहीतरी.

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "आता कामून सांगायलाव? तुमचं हलकं व्हायलाय. माझं काय व्हायलाय?" आवाज चढलेला नव्हता. मग म्हणाले, "येक कागद द्या. हा माणूस इतक्या साली हिरी मोजत हुता, येवढंच लिवा. माझं नाव घालून. नोकरी नगं, पेन्शन नगं. घरात पोरं म्हनतेत, बा सरकारी कामाला हुता म्हनतो, तर कुटं हाय त्येचं? दावायला कायबी न्हाई माझ्यापाशी."

मी म्हणालो, "बघतो."

तीस वर्षांच्या नोकरीत मी हा शब्द किती जणांना दिला असेल. त्याचा अर्थ त्यांना माझ्याइतकाच ठाऊक होता. त्यांनी मान हलवली आणि दोर सोडायला उठले.

कागद लिहायला दहा मिनिटं लागली असती. पण तो लिहायचा म्हणजे आठ वर्षं मी मेलेल्या माणसाची हजेरी तपासून सही केली हेही लिहून द्यायचं. निवृत्तीला तेव्हा थोडेच दिवस राहिले होते. म्हटलं, निवृत्तीनंतर लिहू. निवृत्त झालो, तर पेन्शनचे कागद व्हायचे होते. पेन्शन चालू झाली, तर चौकशी लागून ती थांबू शकते असं कळलं. दरवेळी काहीतरी खरं कारण होतंच. मला खोटं कारण कधी शोधावं लागलं नाही, हेच मला जास्त बोचतं.

अण्णा अजून आहेत. कमलनगरच्या बाजारात भेटतात, चहा घेतो आम्ही. ते कागदाचं विचारत नाहीत. ती मुलगी आता बिदरला आहे, नव्या भरतीतल्यांना ती शिकवते, आणि मला कोणीकोणी सांगतं की उपविभाग पुन्हा उभा केला तो तुम्ही. मी नाही म्हणत नाही.

परवा हे लिहायला बसलो तेव्हा वाटलं, आता तरी टाळायचं नाही, सगळं खरं लिहायचं. बहुतेक लिहिलंही आहे. पण तुम्ही हे वरपासून पुन्हा वाचून बघा. त्यांचं नाव मी इथंही कुठं लिहिलेलं नाही.